अकरा दिवसांचा खुलासा

संघमित्रा,

काल कोपरीला तुझ्या पुण्यानुमोदनाला आलो होतो. वंदना झाली, तुझ्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लागल्या, आणि तुझ्या आईने मला पुढे बोलावले. "सर, तुम्ही दोन शब्द बोला. शाळेपासून तुमचीच ती." मी उठलो. शाळेत तुला संस्कृतात किती गुण मिळत, तू इंजिनिअर कशी झालीस, डोंबिवलीच्या जखमांच्या दवाखान्यात तू घडवलेले यंत्र कसे आले, हे सारे मी क्रमाने सांगितले. लोकांनी माना डोलावल्या. माझ्या बोलण्यात एकही असत्य नव्हते. परंतु जे बोलायला हवे होते, तेही त्यात नव्हते. ते आज तुला सांगतो आहे. उशीर झाला आहे, हे जाणून सांगतो आहे.

तू सकाळी चक्कर येऊन पडलीस आणि दिवस मावळण्यापूर्वी नव्हतीस. मी शहात्तर वर्षांचा, तू चव्वेचाळीस. गुरूने शिष्येसाठी लिहायला बसावे, हा क्रम मला मान्य नाही. परंतु ज्याच्याकडे मान्यता मागायची, त्याने मला विचारलेले नाही.

तू माझ्या वर्गात आलीस ती आठवीत, ठाण्याच्या शाळेत. संस्कृत का घेतलेस, असे विचारले तर सरळ म्हणालीस, "स्कोअरिंग आहे, सर." मला राग आला होता. पुढच्या वर्षी अनुमान म्हणजे काय हे समजावताना मी डोंगरावरच्या धुराचे जुने उदाहरण दिले. धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. तू हात वर केलास.

"सर, आणि धूर असून आपल्याला दिसतच नसेल तर?"

"न दिसणाऱ्या धुरावरून अनुमान होत नाही. बस खाली."

तू बसलीस, प्रश्न उभाच राहिला. त्याचे उत्तर मला मिळायला जवळजवळ तीस वर्षे लागली, आणि ते तूच दिलेस.

देवळाच्या तापल्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना माझ्या उजव्या पायाच्या करंगळीपाशी फोड आला होता. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेली, त्यामुळे तो फुटून त्याची जखम झाली तरी मला कळले नाही. मुलाने दवाखान्यात नेले. तिथे एका लांब दांडीवर बसवलेल्या कॅमेऱ्यामागून एक बाई डोकावली आणि ओरडली, "सर? तुम्ही? अहो, ठेवा पाय इथे. संकोच कसला करताय? मी दिवसाला वीस पाय बघते."

त्या दिवशी तू मला जे समजावलेस, ते मी माझ्या शब्दांत इतरांना अनेकदा सांगितले आहे. प्राणवायूने भरलेले रक्त तांबड्या उजेडाला वाट देते. प्राणवायू देऊन रिकामे झालेले रक्त तोच उजेड गिळून टाकते. हिरवा उजेड दोन्ही रक्ते गिळतात, म्हणून त्यावरून त्या जागी एकूण रक्त किती आहे, याचा अंदाज येतो. तुझे यंत्र जखमेवर एकामागून एक असे वेगवेगळ्या रंगांचे उजेड टाकी, परतून आलेला उजेड मोजी आणि पडद्यावर पायाचे चित्र काढी. जिथे प्राणवायू पुरेसा तिथे तांबडे, जिथे उणा तिथे निळे. सुई नाही, स्पर्श नाही. जी कड भरून येणार आणि जी मरणार, त्या दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात. यंत्राला त्या दोन दिसत. न दिसणारा धूर तू दिसता केला होतास. मी तुला तसे बोलून दाखवले, तेव्हा तू म्हणालीस, "म्हणजे तेव्हा मला उगाच खाली बसवलंत ना?"

हो, उगाच बसवले होते.

तुझा खरा झगडा जखमेशी नव्हता, हे मला हळूहळू समजले. अशी यंत्रे परदेशात आधीपासून होती. ती गोऱ्या कातडीवर बेतलेली. सावळ्या आणि काळ्या कातडीचा रंग स्वतःच उजेड गिळतो आणि मोजमाप चुकते. औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या पिंपांशी काम करणाऱ्यांच्या, दिवसभर उभे राहून मासळी विकणाऱ्या बायकांच्या, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांच्या पायांवर ते खरे ठरावे, एवढ्यासाठी तुझी सगळी यातायात. मी एकदा विचारले, "एवढ्या सूक्ष्म यंत्राला कातडीच्या रंगाने काय फरक पडावा?"

"यंत्राला वर्ण कळतो, सर. हीच तर अडचण आहे. तो विसरायला शिकवतेय त्याला."

तू हसून म्हणालीस. मी लगेच हसू शकलो नाही. मग हसलो, कारण दुसरा मार्ग तू ठेवला नव्हतास.

आपला दुसरा वाद मात्र शेवटपर्यंत मिटला नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी म्हणालो, उद्या तुझ्या यंत्राची पूजा करू. ज्या साधनाने दुसऱ्याचे दुःख दिसते, त्यापुढे वर्षातून एकदा नम्र व्हावे.

"व्हा की नम्र. कोण नको म्हणतंय? पण त्याला भाव कळत नाही, धूळ कळते. नीट पुसून ठेवलं की झाली पूजा."

"नुसते पुसणे म्हणजे पूजा नव्हे."

"आणि नुसती पूजा म्हणजे तरी काय, सर?"

मग तूच पड खाल्लीस. "बरं, फूल शेजारच्या टेबलावर ठेवा. हळदकुंकू काचेच्या जवळपास नको. प्लीज. प्रॉमिस?" मी म्हणालो, "शब्द दिला."

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग करणाऱ्या विनयाने कात्र्या-चिमट्यांच्या कपाटाला झेंडूचे तोरण बांधले होते. तुझे यंत्र काम नसताना नेहमीसारखे तोंड वर करून विसावले होते. मी टेबलावर फूल ठेवले. तेवढ्यात तुला ठाण्याहून फोन आला आणि तू व्हरांड्यात गेलीस. आता जे लिहितो, ते तुला ठाऊक नाही.

मला ते फूल अपुरे वाटले. साठ वर्षांची सवय म्हणू, की आपलेच खरे करण्याची म्हाताऱ्याची खोड म्हणू? मी वाटीतले ओले कुंकू अनामिकेवर घेतले आणि यंत्राच्या काळ्या कडेला लावायला गेलो. बोट घसरले. कुंकू कडेवर न लागता आतल्या एका चिमुकल्या काचेवर गेले. मी घाबरून उपरण्याच्या टोकाने पुसले. काच मला स्वच्छ दिसली. मोतीबिंदू काढलेल्या माझ्या डोळ्यांना ती स्वच्छ दिसली, एवढेच खरे. कुंकवाचा पातळ पापुद्रा तिच्यावर पसरला होता, आणि ती काच हिरव्या उजेडाची होती; कुंकू तो उजेड गिळी आणि यंत्र समजे, इथे रक्त भरपूर आहे. तू परत आलीस तेव्हा मी हात जोडून उभा होतो. तू म्हणालीस, "बघा, झाली की नाही लांबून पूजा?" मी मान हलवली.

त्यानंतर माझ्या पायाचे चित्र सुधारू लागले. निळी कड तांबडी दिसली. माझ्या मनात काय आले, ते लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो. मला वाटले, पूजा फळली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाईंनी बजावले होते, "यंत्र अजून चाचणीत आहे. माझा भरवसा माझ्या बोटांवर आणि माझी बोटं सांगतात, चालू नका." मी चित्रावर विसंबलो. कोजागिरीला अनवाणी पाच प्रदक्षिणा घातल्या. पुढच्या आठवड्यात करंगळी काळी पडली आणि ती काढावी लागली.

ते दुःख मोठे नाही. माझ्या चालण्यातला थोडा तोल गेला, एवढेच. दुःख पुढे आहे.

तू घरी आलीस. मी आरामखुर्चीत होतो, पाय चौरंगावर. तू खुर्ची नाकारून खाली बसलीस आणि माझ्या पायाच्या पट्टीकडे पाहत राहिलीस.

"चुकलं, सर. माझ्या मशीननं तुम्हाला फसवलं."

"प्रारब्ध, बाळ."

"प्रारब्ध कुठल्या वायरीतून येतं ते सांगा, तपासते." तू हसलीस, पण डोळे भरले होते. "अकरा दिवस. खंडेनवमीपासून अकरा दिवस सगळ्यांचे आकडे खोटे वर गेलेत, आणि मग आपोआप जागेवर आले. काय बदललं तेच सापडत नाहीये. तुम्ही त्या दिवशी तिथेच होतात ना? काही पडलं का मशीनवर? कुणाचा धक्का, काही?"

त्या क्षणी मला सर्व उमगले. ओले बोट, उपरण्याचे टोक, सारे डोळ्यांपुढे उभे राहिले. आणि मी म्हणालो, "आठवत नाही."

संघमित्रा, मी अडतीस वर्षे मुलांना सत्य बोलावे असे शिकवले. तू रागावशील, याची मला भीती नव्हती. तू हसशील, याची होती. तुझ्या त्या हसण्याने माझी पूजाच खोटी ठरेल, असे वाटले. दिलेला शब्द मोडून केलेली पूजा त्याआधीच खोटी झाली होती, हे इतकी वर्षे शास्त्रे वाचणाऱ्याला सुचले नाही.

तू शोधत राहिलीस. सगळे गणित पुन्हा मांडलेस, तारा बदलल्यास. पांढरी चकती दाखवून यंत्र तपासण्याचे काम पंधरा दिवसांनी होई, ते तू रोजचे केलेस. अकराव्या दिवशी एका रुग्णाच्या जखमेचे पाणी उडाले म्हणून विनयाने सगळ्या काचा स्पिरिटने पुसल्या होत्या. ही इतकी साधी गोष्ट, नोंद करण्याजोगी तिलाही वाटली नाही. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन आलो, तो सांगायच्या निश्चयाने. तू कागदांत बुडालेली. "सर, नंतर निवांत बोलू या?" म्हणालीस. त्या 'नंतर'चा मला आधार वाटला. असा आधार कुणाला कधी मिळू नये.

काल कार्यक्रमानंतर विनयाने चहाचा पेला माझ्या हाती दिला आणि हळूच म्हणाली, "सर, चाचणीच्या समितीचं पत्र आलंय ठाण्याहून. मशीन बंद करतायत."

"का?"

"ते अकरा दिवस. त्यात बहुतेक पेशंट वसाहतीतले होते, सगळे काळेसावळे. त्यांनी लिहिलंय, गडद त्वचेवर यंत्र भरवशाचं नाही. मॅडम असत्या तर भांडल्या असत्या. आता कोण भांडणार?"

ज्या एका गोष्टीसाठी तू झिजलीस, नेमकी तीच तुझ्यावर उलटली होती, आणि ती उलटवणारे बोट माझे होते. पेला खाली ठेवला आणि तुझ्या आईकडे गेलो. ती सतरंज्या गोळा करीत होती. मी म्हणालो, "शांताबाई, मला तुम्हाला काही सांगायचे आहे. संघमित्राच्या यंत्रात जो दोष निघाला, तो माझ्यामुळे." सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. सतरंजीची घडी तिने मोडली, पुन्हा घातली.

"दिवाळीत तिच्या ताटातला फराळ तसाच राहिला, सर. त्या आकड्यांपायी." मग म्हणाली, "मला सांगून काय होणार? मला त्यातलं काय कळतं? ज्यांना कळतं त्यांना जाऊन सांगा. आणि रडू नका इथे. पाव्हणे आहेत."

मी तिच्याकडे क्षमा मागायला गेलो होतो. तिने मला काम दिले. एवढी योग्यता मी फार थोड्यांत पाहिली आहे, आणि तू कुणाची लेक होतीस, हे मला काल नव्याने कळले.

आज सकाळची पूजा आटोपून, देवापुढच्या करंड्यातले कुंकू एका डबीत घेतले आणि रिक्षाने दवाखाना गाठला. विनयाला म्हणालो, "यंत्र काढ."

डबी पाहून ती मागे सरली. "सर, काय म्हणताय? मॅडमच्या मशीनला मी कुंकू लावू? भूत होऊन बसतील त्या माझ्या मानगुटीवर."

"बसू दे. मला तिच्याशी बोलायचेच आहे."

तिला हसू आले, मग रडू आले, मग तिने तोंड धुतले आणि आम्ही कामाला लागलो. नुसते माझे सांगणे पुरे नाही, हे मला कळत होते. म्हाताऱ्या गुरुजींना शिष्येचा पुळका आहे, असे समिती म्हणेल आणि तिचे चुकणार नाही. आमच्या शास्त्रात कारण ठरवायला दोन बाजू लागतात. ते असेल तेव्हा कार्य व्हावे, याला अन्वय म्हणतात. ते नसेल तेव्हा कार्य होऊ नये, हा व्यतिरेक. यातली एकच बाजू दाखवून कारण सिद्ध होत नाही.

म्हणून आधी सर्व काचा स्पिरिटने पुसल्या आणि पांढरी चकती दाखवून घेतली. माझ्या डाव्या, धडक्या पायाचे चित्र काढले. मग विनयाच्या हाताचे, आणि मग ज्यांची परवानगी मिळाली त्या दोन रुग्णांच्या पायांचे. त्यांतले एक गृहस्थ वसाहतीतून निवृत्त झालेले, कोळशासारखे काळे. ते म्हणाले, "काढा फोटो, बाई. पाय काय झिजतोय होय?" मग मी अनामिका ओली केली, त्या चिमुकल्या काचेवर कुंकू लावले आणि उपरण्याच्या टोकाने, त्या दिवशी पुसले तसेच पुसले. पुन्हा चित्रे काढली. पुन्हा काचा स्वच्छ केल्या, पुन्हा चित्रे. असे तीनदा.

कुंकू असताना चौघांचेही आकडे वर गेले. विनयाच्या गव्हाळ हाताचे गेले, त्या काळ्या पायाचेही तेवढेच गेले. पुसल्यावर चौघांचेही जागेवर आले. तिन्ही वेळा तसेच. त्वचेचा त्यात संबंधच नव्हता. तुझे यंत्र अकरा दिवस खोटे बोलले नव्हते. मी त्याच्या डोळ्यावर बोट ठेवले होते.

विनया पडद्याकडे पाहत राहिली. "सर, हे आधी का नाही..." म्हणाली आणि थांबली. वाक्य पुरे करण्याचा तिला अधिकार होता. तिने तो वापरला नाही.

एक सांगतो. माझी श्रद्धा यामुळे गेलेली नाही. उद्याही मी संध्या करीन, येत्या खंडेनवमीलाही हात जोडीन. पण आपल्या त्या वादात तू विचारले होतेस की नुसती पूजा म्हणजे तरी काय, त्याला माझ्याजवळ आज उत्तर आहे. ज्याची पूजा करायची, त्याला काय हवे ते आधी ऐकून घ्यावे. तू मला स्पष्ट सांगितले होतेस. मी माझ्याच समाधानाची पूजा केली. वाद तू जिंकलास, आणि हे कबूल करायला मला समोर कुणी नाही. तू रागावली असतीस, मला बोलली असतीस, कदाचित महिनाभर अबोला धरला असतास. तो राग माझा होता, माझ्यासाठी राखलेला होता. तो आता मला कुणाकडूनही मिळणार नाही. लोक मला समजून घेतील, आणि ते मला सोसावे लागेल.

दुपारी विनयाने समितीसाठी खुलासा टंकायला घेतला. मी सांगत होतो, ती लिहीत होती. कुंकवापाशी आल्यावर ती थांबली.

"सर, 'नजरचुकीने' टाकू?"

"नको. 'स्पष्ट सूचना दिलेली असूनही' असे लिही."

तिने लिहिले. पुढे मी म्हणालो, "आणि असे लिही, की यंत्राच्या निर्मात्या बाईंनी त्यानंतर थोड्याच दिवसांत मला नेमके याविषयी विचारले होते, आणि मी 'आठवत नाही' असे खोटे उत्तर दिले."

तिने की-बोर्डवरून हात काढले. "ते कशाला? ते मशीनचं नाहीये, सर. ते तुमचं घरचं आहे. समितीला काय करायचंय?"

"ते तिचे आहे, विनया. ज्याला विचारायला हवे त्यालाच तिने विचारले होते, आणि वेळेवर विचारले होते. तपासात तिने कसूर केली नव्हती, हे त्या वाक्याशिवाय कुणाला कळणार नाही."

तिने ते वाक्य टंकले. मी दोनदा वाचले, एक ऱ्हस्व इकार सुधारला आणि खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

सोमवारी सकाळी ठाण्याला समितीची बैठक आहे. त्यांनी मला बोलावलेले नाही. विनया यंत्र घेऊन येते आहे आणि मी पाय. सकाळचे निवृत्त गृहस्थ आपण होऊन म्हणाले, "माझाही न्या." बाहेर बसवून ठेवले तर बसू, परत पाठवले तर दुसऱ्या दिवशी जाऊ. जिने चढायला मला वेळ लागतो, म्हणून लवकर निघणार आहे. त्यांनी काहीही विचारू दे, मला सर्व आठवते आहे.